रानाची रीत, शहराची जागा

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मधोमध एक जंगल आहे. वास्तुकार दोमिनिक पेरो यांनी चार कोपऱ्यांत चार उंच मनोरे उभे केले आणि मधली हेक्टरभर जागा खोल उतरवून तिथे झाडी लावली. त्यासाठी नॉर्मंडीतल्या जंगलातून पूर्ण वाढलेले पाइन मुळांसकट उचलून आणले. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून वाचक पुस्तकातून डोकं वर काढून काचेपलीकडची ही झाडी पाहत आले आहेत. पाहण्यापलीकडे त्यांना काही करता येत नाही, कारण ती एरवी सगळ्यांसाठी बंद असते.

बर्लिनच्या दक्षिण भागात याच्या अगदी उलट घडलं. टेम्पेलहोफचं रेल्वे शंटिंग यार्ड शहराच्या फाळणीत निकामी झालं आणि 1952 मध्ये बंद पडलं. पुढची कित्येक वर्षं तिथे कुणी काही लावलं नाही की उपटलं नाही. वाऱ्यावर आलेल्या बियांतून रुळांमधल्या खडीत भूर्ज उगवले, रॉबिनिया उगवली, इंजिनं वळवायच्या चकतीभोवती गवत माजलं. तिथे पुन्हा मालगाड्या आणायची योजना निघाली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी ती हाणून पाडली. 2000 साली ही 18 हेक्टर जागा निसर्गोद्यान म्हणून खुली झाली. रचनाकारांनी तिथे बेताचंच काम केलं. जुन्या रुळांच्या रेषा धरून लोखंडी जाळीची पायवाट जमिनीपासून जराशी उंच नेली. त्यामुळे चालणाऱ्याच्या खांद्याला फांद्या लागतात, पण त्याच्या पायाखाली रोप चिरडत नाही.

एक जंगल भरपूर पैसा ओतून आणलेलं आणि काचेआड ठेवलेलं, दुसरं फुकट उगवलेलं आणि चालायला दिलेलं. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या दोहोंच्या मधल्या मुलखात येतो.

विषयाची हद्द आधीच आखून घेतलेली बरी, कारण 'शहरात जंगल' म्हटलं की महाराष्ट्रात डोळ्यांपुढे येतो तो वृक्षारोपणाचा कार्यक्रम: खड्डे, रोपं, पाहुणे, फोटो. हे पुस्तक सार्वजनिक जागेच्या रचनेबद्दल आहे. चौक, बाग, नदीकाठ, रुग्णालयाचं आवार, मेट्रो स्थानकाबाहेरची मोकळी पट्टी अशा ज्या जागी कुणालाही येऊन बसता येतं, त्या रचताना जंगलात माणसाला जे होतं त्याचा उपयोग कसा करावा, हा त्यातला प्रश्न आहे. झाडांची संख्या या प्रश्नात येते, पण बरीच खाली.

जंगलात माणसाला होतं तरी काय? मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे माथेरानवरून चटकन उमगेल. मोटारींना बंदी असलेलं हे गाव म्हणजे झाडीत पसरलेली एक लांबच लांब सार्वजनिक जागाच आहे. दस्तुरी नाक्याला गाडी सोडली की लाल मातीची वाट सुरू होते. पायाखाली माती दबते, चाल आपोआप संथावते. वाट वळणावळणाची असल्याने फार पुढचं दिसत नाही, म्हणून नजर जवळच्या गोष्टींवर रेंगाळते: अंजनीच्या खोडावरचं शेवाळ, मातीवर हलणारे उन्हाचे कवडसे, माकडांची पळापळ. आवाज कुठून आला ते कळायला क्षणभर थांबावं लागतं. आणि मग एकाएकी झाडी संपते, कड्याचं टोक येतं, समोर दरी आणि पलीकडे प्रबळगड. वाऱ्यात थोडं उभं राहून माणूस पुन्हा सावलीत शिरतो.

आडोसा आणि उघडीप यांच्या या पाळीबद्दल ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी 1975 मध्ये एक सिद्धांत मांडला. जिथून स्वतः फारसं न दिसता दूरवर पाहता येतं, अशा जागा माणसाला मुळातच आवडतात, असं त्याचं सार. माथेरानचे पॉइंट शोधणाऱ्यांना सिद्धांत ठाऊक नव्हता, पण पाठीशी झाडी आणि पुढ्यात दरी ही जोडी त्यांनी अचूक हेरली होती. अलीकडे त्याच लाल वाटांवर पेव्हर ब्लॉक घालण्यावरून वाद पेटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ब्लॉकच्या बाजूची कारणं खोटी नाहीत. पावसाळ्यात माती वाहून जाते, म्हाताऱ्या माणसांना चढ झेपत नाही. तरीही पायाखालचा तळ बदलला की चालण्याचा वेग, आवाज आणि पाण्याचा निचरा, तिन्ही एकदम बदलतात, हे त्या वादात क्वचितच कुणी बोललं.

अनुभवाच्या या बाजूला शास्त्राचा आधार मिळाला तो 1980 च्या दशकात. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या त्यांनी जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला हा निबंध आजही या क्षेत्रातल्या सादरीकरणांत हमखास असतो. सादर करणारे एक गोष्ट मात्र गाळतात: त्या खिडकीबाहेर जंगल नव्हतं, मोजकी झाडं होती. म्हणजे थोडक्यात भागतं की थोड्यानेच एवढं होतं तर दाट झाडीने किती होईल, हे त्या निबंधातून ठरत नाही.

रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने 1989 च्या आपल्या ग्रंथात लक्षाच्या थकव्याचा विचार मांडला. रहदारीत, हिशेबात, फोनवर लक्ष ओढून लावावं लागतं आणि ते दमतं. पानांची सळसळ किंवा वाहतं पाणी लक्ष वेधून घेतं, पण ताण देत नाही. त्या अवधीत दमलेलं लक्ष पुन्हा ताजं होतं. जपानच्या वनखात्याने तर 1982 मध्येच 'शिनरिन-योकू', म्हणजे अरण्यस्नान, हा आरोग्याचा कार्यक्रम म्हणून पुढे आणला होता. आता त्याची पॅकेज टूरही मिळते, पण त्यामुळे मूळ विचार हलका ठरत नाही.

मराठी वाचकाला यातलं पुष्कळसं आधीपासून ठाऊक आहे. नागझिऱ्यात मुक्काम ठोकून लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर, वनखात्यात नोकरी करता करता जंगल वाचणारे मारुती चितमपल्ली, ऋतूंची बारीक नोंद घेणाऱ्या दुर्गा भागवत यांनी रानाकडे बघायला शिकवलं. मात्र त्या लेखनात रान बहुतेक शहराबाहेरच राहिलं. पुस्तक मिटलं की वाचक पुन्हा आपल्या सोसायटीच्या फरशी घातलेल्या आवारात.

रचनेच्या अंगाने पाहिलं तर हा प्रवास दीडशे वर्षांहून जुना आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी 1858 मध्ये केला. त्यातला 'रॅम्बल' हा सुमारे 36 एकरांचा भाग म्हणजे हाताने रचलेलं रान. नागमोडी वाटा, खडक, दाट झुडपं आणि एक ओढा, ज्याचं पाणीसुद्धा माणसानेच सोडलेलं. ज्या कष्टकऱ्याला महिनाभर डोंगरात जाऊन राहणं परवडत नाही त्याला ते सुख शहरातच मिळावं, ही ओल्मस्टेड यांची भूमिका. भूमिका उदार होती खरी, पण त्याच जमिनीवर सेनेका व्हिलेज नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती आणि बागेसाठी ती 1857 मध्ये उठवली गेली.

ही जोडगोष्ट विसरून चालत नाही. मुंबईच्या पोटात 100 चौरस किलोमीटरहून मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, त्याला लागून आरे आहे, आणि दोन्हीकडे वारली, कोकणा, मल्हार कोळी समाजांचे पाडे आहेत. रविवारी सकाळी शहरवासी जिथे 'निसर्गाचा अनुभव' घ्यायला जातो ते कुणाचं तरी अंगण आहे. जंगलातून प्रेरणा घेणाऱ्या रचनाकाराने त्या अंगणातल्या माणसाला आराखड्यातून वगळलं, तर झाडं कितीही देशी असोत, काम अर्धवटच.

तोक्योतलं मेइजी देवस्थानाचं वन ही या इतिहासातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट. 1915 च्या सुमारास काम सुरू झालं. देशभरातून सुमारे एक लाख झाडं दान म्हणून आली आणि 1920 मध्ये देवस्थान उघडलं. त्या वेळचे पंतप्रधान ओकुमा यांना तिथे इतर मोठ्या देवस्थानांसारखे ताठ, उंच सीडार हवे होते. वनशास्त्रज्ञ होंडा सेइरोकू आणि त्यांचे सहकारी हटून बसले: तोक्योच्या मातीत आणि धुरात सीडार तगणार नाहीत, इथे ओक आणि कापूर अशा रुंद पानांच्या सदाहरित झाडांचंच वन टिकेल. त्यांनी सुमारे 150 वर्षांचा आराखडा केला. आधी कोणती झाडं वर येतील, मग कोणती त्यांची जागा घेतील, आणि शेवटी माणसाच्या मदतीशिवाय स्वतःचं बी स्वतः रुजवणारं वन कसं उभं राहील, हे टप्प्याटप्प्याने चितारलं. आज महानगराच्या मध्यात सुमारे 70 हेक्टरांवर ते उभं आहे.

त्या वनातली एक साधी रीत बघण्यासारखी आहे. प्रवेशाच्या रुंद खडीच्या वाटेवर पडलेली पानं झाडूवाले रोज झाडतात. ती गोळा करतात आणि पुन्हा झाडांच्या बुंध्याशी नेऊन टाकतात. पानगळ बाहेर जात नाही. वाट स्वच्छ राहते आणि वनाचा तळही मऊ, ओलसर, किड्यामुंग्यांनी भरलेला राहतो.

आपल्याकडच्या बागांत नेमकं उलट चालतं. पाचोळा हा कचरा ठरतो, तो ठेकेदाराच्या माणसांकडून उचलला जातो आणि बंदी असूनही कोपऱ्यात पेटवला जातो. मग उघड्या पडलेल्या जमिनीला पाणी जास्त लागतं, खत बाहेरून आणावं लागतं, आणि दोन्हींची बिलं निघतात. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाच्या नागरिकांच्या उपक्रमाने पाचोळा नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की मागणी करणारेही कमी नाहीत. जंगलाची नक्कल कुठून सुरू करावी असं कुणी विचारलं, तर या पुस्तकातले बहुतेक लेखक झाडापेक्षा आधी पाचोळ्याकडे बोट दाखवतील.

युरोपात नेदरलँड्सने 1934 पासून बेरोजगारांच्या हातून ॲम्स्टरडॅमचं विशाल वनउद्यान उभं केलं आणि जवळच्या ॲम्स्टेलवेनमध्ये फक्त स्थानिक रानफुलांची उद्यानं वाढवली. जर्मनीत राइनहोल्ट ट्युक्सेन यांनी 1950 च्या दशकात एक वेगळा प्रश्न रुजवला: माणसाने हात काढून घेतला तर या जमिनीवर कोणतं वन येईल? त्यांच्याकडे शिकायला गेलेले जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी मायदेशी परतले आणि उत्तर शोधायला गावोगावच्या देवस्थानांभोवती राखलेल्या झाडीत गेले. जगभर गाजलेल्या मियावाकी पद्धतीचं मूळ असं देवराईत आहे.

अमेरिकेत लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी तिसराच रस्ता धरला. झाडांचा आग्रह त्यांनी धरला नाही. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हिंडून ओढे, कातळ, धबधबे यांची रेखाटनं केली आणि त्यांची चाल काँक्रीटमध्ये उतरवली. पोर्टलंडमध्ये 1966 चा लव्हजॉय चौक आणि 1970 मध्ये त्यांच्या कार्यालयातल्या अँजेला दानाद्जिएवा यांनी घडवलेलं फोरकोर्ट कारंजं (आता केलर) ही दोन्ही कामं पाहिली की जंगल म्हणजे हिरवा रंग हा समज गळून पडतो. पायऱ्यापायऱ्यांच्या काँक्रीटवरून पाणी कोसळतं, पोरं त्यात उतरतात, मोठी माणसं काठावर बसून पाय सोडतात. या पंथाने पुस्तकाला दिलेली मोठी देणगी म्हणजे रानाचा क्रम, त्यातली अडचण, त्याचा आवाज हे सगळं दगडमातीतही रचता येतं, ही खात्री.

याच दोघांनी 1976 मध्ये सिएटलला मोटारमार्गाच्या डोक्यावर फ्रीवे पार्क उभं केलं. काँक्रीटच्या दऱ्या, धबधब्याचा आवाज इतका की खालची रहदारी ऐकू येऊ नये, आणि दाट झाडी. पुढे झाडी आणखी वाढली, आडोसे अंधारे झाले, गुन्हे घडू लागले आणि लोक तिथे जाईनात. मग झाडी विरळ करावी लागली.

इथे या विषयाचं सर्वांत अवघड गणित आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या जेन जेकब्स यांनी 1961 मध्येच सांगितलं होतं की सार्वजनिक जागा सुरक्षित राहते ती तिच्यावर लोकांची सहज नजर असल्यामुळे. जंगलाची सगळी गोडी नजर अडण्यात आहे. पुरुषाला जो आडोसा शांत वाटतो तो संध्याकाळी सातला एकट्या बाईला धोक्याचा वाटतो, आणि तिचं वाटणं बरोबर असतं. यावर सुरक्षातज्ज्ञांनी काढलेला तोडगा सोपा आहे: झुडपं मांडीच्या वर जाऊ द्यायची नाहीत आणि फांद्या डोक्याच्या खाली येऊ द्यायच्या नाहीत. नजर आरपार जाते. पण त्यात जो थर कापला जातो तो जंगलाचा मधला थर असतो. बुलबुल, शिंपी, सातभाई याच थरात वावरतात. तो गेला की खाली हिरवळ, वर छत आणि मध्ये पोकळी उरते, म्हणजे आपल्या ओळखीची बाग. यावर सरसकट उत्तर नाही. वाटेलगत मोकळीक ठेवून दाटी आत सरकवणं, दोन टोकांना येण्या-जाण्याच्या वाटा ठेवणं, चहाची टपरी किंवा वाचनालय अशा सतत माणसं असणाऱ्या गोष्टी झाडीच्या कडेला आणणं, अशा युक्त्या ठिकठिकाणी वापरल्या गेल्या आहेत. तरीही संघर्ष उरतो, आणि पुस्तकात तो मिटल्याचा आव आणलेला नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीला युरोपात पडीक जागांना मान मिळाला. बर्लिनचे इंगो कोवारिक यांनी रेल्वे यार्डासारख्या जागी आपसूक उगवलेल्या झाडीला निसर्गाचा स्वतंत्र, चौथा प्रकार ठरवलं. फ्रान्सचे जिल क्लेमां यांनी लील शहरातल्या बागेत सुमारे सात मीटर उंच भिंतींचं बेट बांधलं आणि त्यावरची झाडी माणसाला पूर्ण वर्ज्य ठेवली. विचार म्हणून हे धीट आहे. सार्वजनिक जागा म्हणून त्याकडे जरा संशयानेच पाहायला हवं.

सिंगापूरमध्ये दोन टोकं एकाच वर्षी उभी राहिली. 2012 मध्ये 'गार्डन्स बाय द बे'चे 25 ते 50 मीटर उंचीचे पोलादी 'महावृक्ष' झळकले, आणि त्याच वर्षी बिशान-आंग मो किओ उद्यानातल्या काँक्रीटच्या कालव्याची पुन्हा वळणदार नदी झाली. फोटो पहिल्याचे जास्त निघतात. शिकण्यासारखं दुसऱ्यात अधिक आहे, कारण तिथे पूर आला की बागेचा काठ पाण्याखाली जातो आणि ओसरला की लोक पुन्हा गवतावर येतात. मिलानच्या 2014 मधल्या 'उभ्या जंगला'बद्दल, म्हणजे झाडं लावलेल्या गच्च्यांच्या दोन मनोऱ्यांबद्दल, एवढंच म्हणता येईल की ती झाडी घरमालकांची आहे.

गेल्या काही वर्षांत उन्हाने विषयाचा सूर बदलला. पॅरिसने 2024 मध्ये कातालोन्य चौकातल्या वाहनांच्या वळणावर 470 झाडांचं वन लावलं. नोत्र-दामच्या भोवतालाचा आराखडा करणारे बेल्जियन रचनाकार बास स्मेट्स कॅथीड्रलपुढच्या पटांगणाकडे जंगलातल्या मोकळवनासारखं पाहतात: भोवती झाडांची कड, मध्ये उघडीप, आणि कडक उन्हात फरशीवरून वाहणारा पाण्याचा पातळ थर. सावली आणि पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन यांमुळे झाडांखालची हवा तापलेल्या फरशीपेक्षा बरीच सुसह्य राहते. हे जाणूनच सेसिल कोनायनेन्डाइक यांनी 2021 मध्ये '3-30-300' हा आडाखा दिला: प्रत्येक घरातून किमान 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के छत्र असावं, 300 मीटरच्या आत बाग असावी. आपल्या किती वॉर्डांत हे बसेल, याचा हिशेब वाचकाने आपापल्या खिडकीतून करावा.

भारतात या विषयाची मुळं पार आणि देवराई यांत आहेत. वडा-पिंपळाभोवती बांधलेला पार हा सर्वांत लहान नमुना: छत्र, बसायला दगड, चारी बाजूंनी मोकळा, ना फाटक ना वेळापत्रक. आता बहुतेक पारांना ग्रॅनाइट लागलं आहे आणि सिमेंट खोडापर्यंत आलं आहे. दिल्लीत तर झाडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा, हे 2013 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला आदेश काढून सांगावं लागलं. देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात केला. देवराईत पाचोळा उचलत नाहीत, वाळलेलं लाकूड तोडत नाहीत. गारंबीच्या वेली खोडांना विळखे घालून वर जातात, मध्ये देवापुढे जत्रेपुरती मोकळी जागा असते. रचनेच्या भाषेत ते मोकळवनाभोवतीचं दाट वन आहे, आणि अख्ख्या गावाचं आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी स्लॅब पडतो आणि त्यापायी झाडं जातात, तेव्हा हा नमुनाही मोडतो.

मियावाकी पद्धत मात्र देवराईच्या ओळखीने आली नाही. बंगळूरूच्या मोटार कारखान्यात मियावाकींचं काम पाहिलेले शुभेन्दू शर्मा यांनी 2011 मध्ये अफॉरेस्ट ही संस्था काढली. पुढे महापालिका आणि कंपन्यांचे सामाजिक निधी यांनी ही पद्धत उचलली. चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन-तीन वर्षं निगा, आणि भिंतीसारखी दाटी. उघड्या जागेला धूळ-आवाजाचा आडोसा म्हणून ती कामाची आहे. पण तिच्यात शिरता येत नाही, बसता येत नाही. वर्षभरात फोटो चांगला येतो, हे तिच्या लोकप्रियतेचं एक कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. दख्खनच्या मोठ्या भागात मुळात दाट जंगल नव्हतंच. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख धुंडाळून दाखवलं आहे की इथले माळ शेकडो वर्षांपासून गवताळ, विरळ झाडीचेच आहेत. पुण्याच्या टेकड्यांचंही तेच: कुसळी गवत, मधूनच सालई, गणेर, हिवर. त्यावर ग्लिरिसिडियाची दाट लागवड झाली, सावली पडली, आणि उन्हात वाढणारं गवत हटलं. पुण्या-सोलापूर-नगरसाठी जंगलाचा अनुभव घ्यायचा तर तो अशा माळाचा घ्यायला हवा. दूरवर नजर, मोजकी सावली, पावसाळ्यात हिरवं आणि दिवाळीनंतर सोनेरी होणारं गवत. ज्याला उद्यान विभागाची फाइल 'वाळलेलं' म्हणते त्या गवतालाही आराखड्यात जागा हवी.

प्रदीप कृष्ण यांनी जोधपूरला मेहरानगडच्या पायथ्याशी हेच केलं. राव जोधा उद्यानाच्या सुमारे 70 हेक्टर कातळावर बाहेरून आलेली वेडी बाभूळ माजली होती. खडकात घुसलेली तिची मुळं निघेनात. शेवटी खाणीत दगड फोडणारे खांडवालिया कामाला आले. हातोडी ठोकून, आवाज ऐकून खडक कुठे भेगाळला आहे ते त्यांना कळे, आणि मूळ कुठून काढायचं तेही. त्या खळग्यांत थरच्या वाळवंटातल्या मूळच्या वनस्पती लावल्या. गुरुग्राममध्ये 2010 पासून नागरिकांनी खाणींनी पोखरलेल्या जमिनीवर अरवलीची झाडी परत आणली. मुंबईत मिठीच्या काठी धारावीला लागून, कचराभूमीवर उभं राहिलेलं सुमारे 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान 1994 मध्ये खुलं झालं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी फुगली, त्यानंतर पाणी जिरवणारी उघडी जमीन म्हणजे काय हे मुंबईला नव्याने समजलं.

सरकारी पातळीवरही दार किलकिलं झालं आहे. 2020 च्या पर्यावरणदिनी केंद्राने नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा पुण्याच्या वारज्यातल्या वनाचं उदाहरण पुढे ठेवलं होतं. पैसा येतो आहे, जागा निश्चित होत आहेत. अशा वेळी निविदेत 'सुशोभीकरण' या शीर्षकाखाली काय लिहिलं जातं यावर बरंच ठरणार आहे, आणि म्हणूनच हे पुस्तक आता यायला हवं होतं.

लँडस्केप आर्किटेक्ट, वनस्पतितज्ज्ञ, मानसशास्त्राचे अभ्यासक आणि बागांत राबणारे लोक यांना एका ठिकाणी आणण्याचा हा प्रयत्न आहे. त्यांचं सगळ्या बाबतीत एकमत नाही. पडीक जागेला हात लावू नये म्हणणारे इथे आहेत, तसेच आधी दिवे आणि स्वच्छतागृह द्या, रान नंतर बघू म्हणणारेही. संपादनात हे मतभेद घासून गुळगुळीत केलेले नाहीत. आदर्श नकाशे पुस्तकात कमी आहेत. त्याऐवजी कडा, तळ, थर, आवाज, वाटेचं वळण आणि काळ यांच्याकडे कसं पाहायचं, हे ठिकठिकाणच्या उदाहरणांतून उलगडलं आहे. कोकणासाठी योग्य ते विदर्भात चालणार नाही, हे गृहीत धरून लेखकांनी झाडांच्या याद्या प्रदेशवार विचारात घेतल्या आहेत.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला यात अभ्यासक्रमाबाहेरचा बराच ऐवज सापडेल, आणि सोसायटीच्या मागच्या चार गुंठ्यांचं काय करावं या विवंचनेत असलेल्या समितीलाही. वाचायला सुरुवात कुठूनही करता येईल. मात्र ज्यांच्यापुढे निविदेची फाइल आहे त्यांनी देखभालीची चर्चा आधी वाचावी. पाचव्या वर्षी तिथे पाणी कोण घालणार, पाचोळा कुठे टाकणार, मधला थर किती छाटणार आणि संध्याकाळनंतर फाटकाची किल्ली कुणाकडे राहणार, हे आराखड्यावर सही होण्यापूर्वीच ठरवायला तिचा उपयोग होईल.